प्रति: फौजेत डोकं चालवायला शिकवत नाहीत?

तुम्ही म्हणता, फौजेत जवानाला फक्त हुकूम पाळायला शिकवतात. अर्धंच खरं. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, आता ऐरोलीत असतो.

सेक्शन म्हणजे फौजेतली छोटी तुकडी, जेमतेम १० माणसं. गोळीबार सुरू झाला की साहेब शेजारी असतीलच असं नाही. ठरवायचं ते नाईक-हवालदारानं, कधी साध्या शिपायानंही. १९४५ मध्ये इटलीत सेनिओ नदीवर आमच्याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप पोचवणारे. कंपनी कमांडरच जखमी. जाधवांनी दोन जखमींना सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं आणि परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी गप्प केली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक.

हे आपोआप येत नाही. आमचे उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, रात्रीच्या मार्चला नकाशा-होकायंत्र सगळ्यात नव्या पोराकडे द्यायचे. एकदा मी होतो. नाला चुकलो, सगळे पहाटेपर्यंत माझ्यामागे चिखलात. उस्तादांना केव्हाच कळलं होतं, पण शब्द काढला नाही. सकाळी एवढंच, "कुठे चुकलास?" (शिव्या पोरांनी घातल्या, तो भाग वेगळा.)

उलटंही पाहिलंय. एका साहेबांना भांडी घासायचा क्रमसुद्धा स्वतः ठरवायचा असे. ते रजेवर गेले की काम ठप्प. आमच्या सोसायटीत पंप बंद पडला तरी वॉचमन सेक्रेटरीच्या फोनची वाट बघतो, तसंच. आता अग्निवीराला चारच वर्षं मिळतात, त्याच्या हातात नकाशा पहिल्याच वर्षी द्यायला हवा.