मदत हवी आहे: रिंकचा बर्फ पोकळ का होतोय?

नमस्कार मंडळी. ओटावात आमच्या वस्तीतली उघड्यावरची स्केटिंग रिंक आम्ही सहा शेजारी मिळून सांभाळतो. आधी भुसभुशीत बर्फ तुडवून घट्ट केला, मग उणे 12च्या रात्री होजपाइपने पाणी मारलं. पण कडेला नुसता पापुद्रा धरतो, खाली पोकळी राहते आणि पोरांचे स्केट त्यात अडकतात. परवा एक चिमुरडी जोरात आपटली, जीव कळवळला.

एकदम जास्त पाणी सोडल्याने ते खाली झिरपत असेल का? दोन थरांमध्ये किती वेळ ठेवावा? पोकळ जागा फोडून ओल्या बर्फाने लिंपू का?

2023च्या हिवाळ्यात थंडी कमी पडून पुरेसा जाड बर्फ न धरल्याने इथला रिडो कालवासुद्धा स्केटिंगसाठी उघडला नव्हता. त्यामुळे कडाक्याची एकही रात्र वाया घालवायची नाहीये. कुणी रिंक बनवली असेल तर कृपया सांगा, आज रात्री पुन्हा पाणी मारायचंय.