गाडीचा आवाज घरीच कमी करायचाय, मदत हवी आहे

मंडळी, माझी हॅचबॅक आठ वर्षांची आहे. इंजिनाची तक्रार नाही, पण पुणे-मुंबई एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर ऐंशीच्या पुढे गेलं की टायरची अशी घरघर सुरू होते की मागे बसलेल्या आईशी ओरडून बोलावं लागतं. दारावर बोटाने टकटक केलं तर रिकाम्या डब्यासारखं वाजतं.

एका दुकानात चारही दारं आणि फ्लोअरचा जो भाव सांगितला, तो ऐकून गप घरी आलो. आता स्वतःच करतो. पत्र्याला आतून चिकटवायची ब्युटाइल रबराची २ मिमी शीट, रोलर आणि हीटगन आणायचं ठरवलंय. गच्चीवरच्या डांबरी शीटने काम होतं असं शेजारचे काका म्हणतात, पण मे महिन्यात उन्हात गाडी तापली की तो वास कोण सहन करणार?

माझ्या समजुतीप्रमाणे ब्युटाइल फक्त पत्र्याची थरथर मारतं, टायरची घरघर वेगळीच. मग आधी दारं करू की सरळ फ्लोअर आणि मागच्या चाकांवरचा भाग? अख्खा पत्रा झाकायचा, की मधेमधे तुकडे पुरतात?

खरी भीती पावसाची आहे. काचेच्या रबरातून दारात पाणी उतरतंच, म्हणून खालची भोकं मोकळी ठेवणार आहे. पण आत फोम लावला तर तो पाणी धरून पत्रा गंजवेल का? कोणी केलं असेल तर दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव सांगा. आणि दाराच्या पॅनेलच्या क्लिपा न तोडता काढायची युक्ती असेल तर तीही. काल एक तुटलीच.