पुण्याहून सायकलने आंजर्ल्याच्या घरी: मे महिन्याचा बेत आणि बंद घर उघडण्याची कामे

प्रश्न – जांभाचिरा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंजर्ल्याजवळच्या एका वाडीत आमचे वडिलोपार्जित कौलारू घर आहे. ते वर्षातून दोनदाच उघडते, मे महिन्यात पाच-सहा आठवडे आणि गणपतीत दहा-बारा दिवस. एरवी किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. आजवर आम्ही एसटीने किंवा मोटारीने जात आलो. यंदा निवृत्त झालो आहे, तेव्हा पुण्याहून सायकलने जाण्याची मनापासून इच्छा आहे. वय एकसष्ट. गेली चार वर्षे नियमित सायकल चालवतो आणि एका दिवसात शंभर किलोमीटर तीन-चार वेळा झालेले आहेत, मात्र सामान लादून सलग दोन-तीन दिवस कधी चालवलेली नाही.

घरची मंडळी माझ्यामागून दोन दिवसांनी गाडीने येतील, म्हणजे या वर्षी घर मला एकट्याला उघडायचे आहे. वडील होते तोवर ते काम त्यांचे असे. आम्ही पोहोचायचो तेव्हा अंगण सारवलेले आणि हंडे-कळशा भरलेल्या असत, त्यामुळे त्याआधी काय काय करावे लागते हे मी कधी नीट पाहिलेच नाही. मार्ग कोणता धरावा, मुक्काम किती करावेत, पोहोचल्यावर कोणते काम आधी हाती घ्यावे आणि खाऱ्या हवेत सहा आठवडे सायकल कशी सांभाळावी, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद – सड्यावरचा

आपला बेत उत्तम आहे. मी हा प्रवास तीनदा केला आहे. पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर आणि माणगाव हा पहिल्या दिवसाचा मार्ग. अंतर सुमारे एकशे दहा किलोमीटर भरते आणि मुळशी धरणाच्या जलाशयाकाठचा रस्ता सतत वर-खाली होत राहतो. ताम्हिणीचा उतार सोपा समजू नये. सामानाच्या वजनाने सायकल वेग घेते आणि ब्रेक सतत दाबून धरले तर रिम तापते, म्हणून ब्रेक दाबून-सोडून वापरावेत, मध्ये दोनदा थांबावे आणि निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर नवे बसवून घ्यावे.

माणगावहून म्हसळ्यामार्गे हरिहरेश्वर गाठावे, बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीला उतरावे आणि पुढे केळशीवरून आंजर्ल्याला जावे. बोटीत सायकल सहज जाते. खरा कस या शेवटच्या टप्प्यात लागतो. कोकणातले गाव खाडीच्या किंवा समुद्राच्या काठी खोलगटात वसलेले असते आणि दोन गावांच्या मध्ये सडा, म्हणजे खडकाळ उघडे पठार, असतो, त्यामुळे प्रत्येक गावातून बाहेर पडताना खडी घाटी चढायची, वर जांभ्याच्या उघड्या सड्यावर ऊन खायचे आणि पुन्हा खाली उतरायचे, असे चालू राहते. नकाशावरच्या अंतरावरून वेळेचा हिशेब करू नये.

पहाटे पाचला निघून अकराच्या आत सावलीला यावे. मे महिन्यातल्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, आणि म्हणून शरीर थंड होत नाही. नुसते पाणी पिऊन भागत नाही. एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे जलसंजीवनीचे प्रमाण लक्षात ठेवावे. माणगावला एकच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घर गाठणे आपल्याला जमण्यासारखे आहे असे मला वाटते.

प्रतिसाद – केळशीची माहेरवाशीण

मार्गाबद्दल वरच्या सदस्यांशी मी सहमत आहे, परंतु संध्याकाळी पोहोचण्याच्या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. बंद घर अंधारात उघडू नये, आणि दिवसभर सायकल चालवून थकलेल्या माणसाने तर मुळीच उघडू नये. आमचे घरही वर्षातून दोनदा उघडते आणि गेली अठरा वर्षे ते उघडण्याचे काम माझ्याकडे आहे. आपण हरिहरेश्वरला दुसरा मुक्काम करावा, सकाळच्या पहिल्या बोटीने खाडी ओलांडावी आणि दुपारच्या आत घरी यावे, म्हणजे हातात उजेडाचे पाच-सहा तास राहतात.

आत शिरताना काठी आणि बॅटरी जवळ ठेवावी. आपल्याकडे फुरसे हा साप जांभ्याच्या गडग्यात (दगडी कुंपणात), लाकडांच्या रचणीखाली, क्वचित पडवीतल्या पोत्याखालीही असते. आकाराने लहान असल्यामुळे फुरसे पटकन लक्षात येत नाही, पण विषारी आहे. दारे-खिडक्या सताड उघडाव्यात आणि मेन स्विचला लगेच हात लावू नये. उंदरांनी वायर कुरतडलेली असते, कुंभारीण माशीने बोर्डात मातीची घरटी केलेली असतात. आधी नीट पाहावे, शंका आल्यास वायरमनला बोलावावे. दाराच्या चौकटींवर वाळवीच्या मातीच्या रेघा दिसतात का तेही पाहावे, आणि जिथे दिसतील तिथे लाकूड बोटाने वाजवून पाहावे. आतून पोकळ झालेल्या लाकडाचा आवाज वेगळाच येतो.

त्यानंतर विहीर. पंप लगेच सुरू होईल असे धरून चालू नये, कारण महिनोन्महिने बंद राहिल्यावर फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) अडकतो आणि पाइपातले पाणी उतरून गेलेले असते. पोहरा आणि दोर घरात कुठे आहे ते काकूंना आधीच फोनवर विचारून ठेवावे. पहिल्या दिवशी पिण्यासाठी काकूंकडचे पाणी घ्यावे. विहिरीचा गाळ कधी उपसला होता याची चौकशी करून ग्रामपंचायतीकडून टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर) टाकून घ्यावी.

पहिल्या दिवशी वापरण्यापुरते पाणी, एक चूल आणि निजायची एक खोली एवढेच करावे. माळा आणि अंगण दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे. सारवण्यासाठी शेण लागते आणि हल्ली वाडीत गुरे कमी झाली आहेत, तेव्हा तेही आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते.

प्रतिसाद – तेलपाणी

सायकलविषयी थोडेसे. ती अंगणात किंवा समुद्राकडच्या पडवीत ठेवू नये, माजघरात ठेवावी. खारी हवा चेन, स्पोकची टोके आणि ब्रेकच्या केबल यांना आधी धरते. दर चार दिवसांनी ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून चेनला तेल द्यावे. पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, चालवण्याचा मोह टाळावा. जाड टायरच्या दोन सुट्या ट्यूब पुण्याहूनच न्याव्यात.

प्रतिसाद – जांभाचिरा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन मुक्कामांचा सल्ला मी मानला आहे. काकूंशी फोनवर बोललो तेव्हा त्यांनी पोहरा माळ्यावर असल्याचे आणि दोर नवा आणावा लागेल असे सांगितले. घराचे छप्पर मात्र राहून गेले. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात अर्धी कौले उडाली होती, ती आम्ही नंतर घातली, पण त्यानंतर परतलेली, म्हणजे उतरवून पुन्हा नीट बसवलेली, नाहीत. ते काम याच मुक्कामात करावे का?

प्रतिसाद – केळशीची माहेरवाशीण

अवश्य करावे, आणि मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच करावे. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, कामे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतात हा जुना हिशेब आता धरून चालत नाही. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला आणि आमच्या वाडीत कित्येकांची शाकारणी (छपराची डागडुजी) अर्धी राहिली. कौले परतणारे गडी फार थोडे उरले आहेत, त्यामुळे आजच सांगून ठेवावे. जुन्या मंगलोरी कौलांच्या मापाची कौले सहज मिळत नाहीत, म्हणून कोणी घर पाडून स्लॅब घालत असेल तर त्याच्याकडची उतरवलेली शंभरेक कौले घेऊन ठेवावीत.

लाकूडफाटा आणि आमसुले यांचीही हीच गोष्ट. आमसुलांसाठी रातांब्याची (कोकमाच्या फळांची) साले बियांच्या रसात मीठ घालून पाच-सात वेळा बुडवायची आणि प्रत्येक पुटानंतर उन्हात वाळवायची असतात. त्याला लागोपाठ कडक उन्हाचे आठवडाभर तरी दिवस हवेत. बिया टाकू नयेत, त्यांचे मुठेल, म्हणजे गोळा होणारे कोकमाचे तेल, निघते. कोणाकडे गेल्या वर्षीचे असेल तर त्यातला एक गोळा मागून घ्यावा. खोगिराने मांड्या सोलवटल्या असतील तर थोडे कोमट करून लावावे.

प्रतिसाद – जांभाचिरा

पोहोचून आज चौथा दिवस आहे, मंडळीही काल आली. तिसऱ्या दिवशी पहिल्या बोटीत माझी सायकल मासळीच्या रिकाम्या टोपल्यांना टेकून उभी होती आणि बोटीवरच्या एका गृहस्थांनी न विचारता तिचे चाक दोरीने कठड्याला बांधून दिले. आंजर्ल्याकडची शेवटची घाटी मी पायी चढलो. साडेअकराला कुलूप काढले.

पंपाने पाणी घेतले नाहीच. पोहऱ्याने पाणी ओढताना पहिल्या दहा-बारा खेपा नुसता पाचोळा येत होता, मग निवळ पाणी आले. मीटरच्या बोर्डात कुंभारीण माशीची तीन घरटी निघाली, तेव्हा ती रात्र कंदिलावर काढली. मुठेल काकूंनी दिले, त्याने दुसऱ्या दिवशी बसता येऊ लागले. ओटीच्या कोपऱ्यात वडिलांचे सारवणाचे घमेले उपडे ठेवलेले सापडले, त्याच घमेल्याने काल मंडळी येण्याच्या आत अंगण सारवून घेतले. छपरावर बावीस कौले आणि आढ्यावरचे तीन कोने (आढ्याची कौले) फुटलेले आहेत. गडी बुधवारी येणार आहे. केळशीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे उतरवलेली कौले खालच्या वाडीत एकांकडे मिळाली. आज दुपारी ती हातगाडीने आणतो आहे.