मदत हवी आहे: खोकलं की लघवी सुटते, पुढच्या गुरुवारी टेपचं ऑपरेशन, टीव्हीटी की टीओटी?

कृष्णाकाठ
गुरुवारी ऑपरेशन ठरलंय, म्हणून घाईत लिहितेय. डॉक्टरांनी टेप, म्हणजे मूत्रनलिकेखाली आधाराची पट्टी, बसवायला सांगितली आहे. ती बसवायच्या दोन पद्धती असतात म्हणे, टीव्हीटी आणि टीओटी. कागदावर टीओटी लिहिलंय. नणंदेच्या ओळखीतल्या एका बाईंचं टीव्हीटी झालं आणि त्या म्हणतात तेच करून घे. दोन्हींत नेमका फरक काय? ज्यांनी करून घेतलंय त्या किती दिवसांनी कामावर गेल्या? आणि त्याच भुलीत गर्भपिशवीही काढून टाकू असं डॉक्टर म्हणतात, तर ते बरंच ना?
मिस्टरांना एवढंच सांगितलंय की लघवीचं छोटं ऑपरेशन आहे. "घाबरू नका, सगळं छान होईल" असे प्रतिसाद कृपया नकोत.

सुमन_ना
ताई, वय किती? बाळंतपणं किती, नॉर्मल की सिझर? खोकल्या-शिंकल्यावरच जाते की एकदम जोराची लागून थांबवता येत नाही असंही होतं? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

नाना_ठाणेकर
माझ्या थोरल्या भावाला हाच त्रास होता. रात्री पाच-सहा वेळा उठायचा. प्रोस्टेट निघालं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, आता ठणठणीत आहे. त्याआधी गोखरूचा काढा आणि चंद्रप्रभा वटीनेही बराच आराम पडला होता. ऑपरेशनच्या आधी एकदा वैद्यांना दाखवा.

कृष्णाकाठ
नानाकाका, माझा त्रास वेगळा आहे.
सुमनताई, वय ४९. दोन्ही नॉर्मल, धाकट्याच्या वेळी चिमटा लावला होता. शिंकलं, खोकलं, पाण्याची कळशी उचलली, वर्गात मोठ्याने बोलले की जाते. शाळेत शिकवते. दिवसभर पॅड असतं.
टीव्हीटी की टीओटी एवढं सांगा.

रानवाट
माझं टीओटी झालंय, दोन वर्षं होतील. शिंक आली की पाय आवळून उभं राहायचं ते दिवस संपले. योनीच्या आतून छोटी चीर आणि दोन्ही जांघांत एकेक टोचल्याची खूण, बस. दुसऱ्या दिवशी नळी काढली, लघवी करून दाखवली आणि घरी आले. घरातली हलकी कामं लगेच सुरू केली, पण जड उचलायचं आणि नवऱ्याजवळ जायचं नाही असं सहा आठवड्यांसाठी बजावलं होतं. जांघ मात्र बरेच दिवस दुखायची. मांडी घालून बसले की जास्त. हळूहळू गेलं.
बिनधास्त करून घ्या. वर्षानुवर्षं बायका सहन करत बसतात, कशासाठी?

स्नेहल_फिजिओ
कृष्णाकाठ, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम कुणाकडून शिकलात का? "केगल करा" असं कागदावर लिहून दिलं असेल तर ते शिकणं नव्हे. बऱ्याचजणी आत वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात आणि त्रास वाढवून घेतात. नीट शिकून किमान तीन महिने, दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी कमीत कमी आठ आकुंचनं, असं करायचं असतं. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही आधी हेच सांगितलंय.

रानवाट
@स्नेहल_फिजिओ, मीही केले व्यायाम. काडीचा फरक पडला नाही. तुमच्या व्यवसायात तुम्ही व्यायामच सांगणार.

स्नेहल_फिजिओ
@रानवाट, तुम्हाला फरक पडला नाही हे मान्य. नेदरलँड्समध्ये ४६० बायकांवर अभ्यास झाला होता, २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फिजिओ, निम्म्यांना टेप. वर्षभरात फिजिओवाल्यांपैकी ४९ टक्के बायका टेपकडे वळल्या, आणि सुधारणा टेपवाल्यांतच जास्त होती. हे मी लपवत नाही. पण उरलेल्या निम्म्यांना ऑपरेशन लागलं नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. टेप म्हणजे जाळीचीच पट्टी. ४९ व्या वर्षी शरीरात कायमची जाळी घालण्याआधी तीन महिने देणं मला जास्त वाटत नाही.

टेम्सकाठी
जाळी हा शब्द आला म्हणून लिहिते. इथे इंग्लंडमध्ये जुलै २०१८ मध्ये योनीमार्गे जाळी बसवणं थांबवलं, त्यात लघवीच्या टेपाही आल्या. २०२० मध्ये जाळीने त्रास झालेल्या बायकांचं म्हणणं ऐकणाऱ्या, बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीचा अहवाल आला. त्यात बायकांनी सांगितलेलं वाचवत नाही. जाळी आतल्या आत घासून बाहेर आलेली, चालता येत नाही, आणि वर "सगळं तुमच्या डोक्यात आहे" म्हणून परत पाठवलेलं. माझ्या ओळखीतली एक त्यातून गेली आहे. ही टेप काढणं बसवण्याइतकं सोपं नसतं, मांस तिच्यात वाढून गुंतलेलं असतं. ताई, करू नका. परदेशात बंद झालेलं आपल्याकडे खपवतात.

रानवाट
झालं! चांगलं झालेल्या हजारो बायका धाग्यावर लिहायला येत नाहीत, एवढंच.

टेम्सकाठी
आणि वाईट झालेल्यांना दहा वर्षं कुणी विचारलं नाही, त्याचं काय?

डॉ_अनघा
स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जात आहेत. अमेरिकेत औषधं-उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एफडीएने एप्रिल २०१९ मध्ये विक्री थांबवली ती अंग बाहेर येण्यावर योनीतून बसवायच्या मोठ्या जाळीची. लघवीची टेप त्या आदेशात नव्हती. ती साधारण एक सेंटीमीटर रुंदीची पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची पट्टी असते, मूत्रनलिकेच्या मधल्या भागाखाली सैलसर ठेवायची. खोकल्यावर नलिका तिच्यावर दाबली जाते आणि बंद होते. उल्मस्टेन आणि पेट्रोस यांनी ही कल्पना नव्वदीच्या दशकात मांडली. ओटीपोटावरच्या हाडामागून वर काढली की टीव्हीटी, जांघेतून बाजूला काढली की टीओटी. ही दुसरी वाट डेलॉर्म यांची, २००१ ची.
गुण जवळपास सारखाच. अमेरिकेत ५९७ बायकांवर तुलना झाली (२०१०): वर्षाअखेर तपासणीत यश टीव्हीटीत ८०.८ आणि टीओटीत ७७.७ टक्के. टीव्हीटीत लघवी अडकून पुन्हा ऑपरेशन करावं लागलेल्या २.७ टक्के, टीओटीत एकही नाही. उलट टीओटीत मांडीचा अशक्तपणा, बधिरपणा जास्त: ९.४ विरुद्ध ४ टक्के. टीव्हीटीत सुई मूत्राशयाला लागू शकते, म्हणून लगेच दुर्बिणीने आत पाहून खात्री करतात. इंग्लंडच्या मार्गदर्शक सूचनांत, टेपचा पर्याय निवडलाच तर हाडामागचीच वाट सुचवली आहे, कारण टीओटीच्या पट्टीचा जांघेतला भाग पुढे काढावा लागला तर फार कठीण जातं.
जाळी नकोच असेल तर पोटाच्या भिंतीतल्या स्वतःच्या आवरणाची पट्टी काढून तिचाच स्लिंग, म्हणजे झोळीसारखा आधार, करता येतो. ऑपरेशन मोठं, पोटावर चीर, आणि नंतर लघवी नीट न होण्याचं प्रमाण जास्त, पण प्लास्टिक नाही.
आता माझे प्रश्न. गर्भपिशवी का काढायची आहे? अंगावरून जास्त जातं, गाठी आहेत, अंग खाली आलंय? तसं काही नसेल तर नुसती लघवी सुटते म्हणून पिशवी काढण्याचा काही उपयोग नाही. गळतीचं कारण पिशवी नसते. लघवी एकदम लागून थांबत नाही असं होतं का? रात्री किती वेळा उठता? तपासताना मूत्राशय भरलेलं ठेवून खोकायला लावलं होतं का? लघवी केल्यावर किती उरते ते सोनोग्राफीत पाहिलं का? साखर? कोणती औषधं चालू आहेत?

वर्षा_नगर
शाळेत शिकवता म्हणून विचारते, शाळेत बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का? आमच्याकडे शिक्षिका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. एसटीने येणाऱ्यांची तर दैना. स्टँडवर पाय ठेवायची सोय नसते. लघवी तुंबवून तुंबवून पुढे त्रासच होतो. यावर कुणी धागा काढा.

स्नेहल_फिजिओ
@वर्षा_नगर, अगदी महत्त्वाचं. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होऊन मूत्राशय उलट जास्त चिडतं. धागा काढा, मी लिहीन.

कृष्णाकाठ
बाहेर होते, आत्ता वाचलं. डॉक्टर, गाठी नाहीत. पाळी अनियमित आहे पण त्रास नाही. पिशवीचं "आता तुम्हाला तिचा काय उपयोग, पुढे कटकट नको" असं सांगितलं. अंग खाली आल्याचं कुणी म्हटलं नाही. खोकायला लावलं नव्हतं, टेबलवर झोपवून तपासलं आणि लगेच टेप म्हणाले. उरलेली लघवी मोजली की नाही ते माहीत नाही, रिपोर्टमध्ये तसं काही दिसत नाही.
एकदम लागतेच. घरी आल्यावर कुलपात किल्ली घातली की धरवत नाही, दारातच होतं. रात्री दोन-तीनदा उठते. हे वयाने होतं असं वाटलं म्हणून लिहिलं नाही.
साखर सीमेवर. बीपीसाठी रॅमिप्रिल, मागच्या दिवाळीपासून. आणि कोरडा खोकला आहे, जातच नाही, त्याला सिरप चालू आहे. खोकल्यामुळेच तर जास्त होतंय.

सुमन_ना
रॅमिप्रिलने कोरडा खोकला येतो ना? माझ्या सासूबाईंना आला होता. गोळी बदलली आणि थांबला.

डॉ_अनघा
बरोबर. त्या गटातल्या गोळ्यांनी काहीजणींना चिवट कोरडा खोकला लागतो. गोळी मनाने बंद करू नका, बीपी चढेल. ज्यांनी दिली त्यांच्याकडे याच आठवड्यात जा आणि "खोकला आणि लघवी दोन्ही" असं स्पष्ट सांगा, पर्याय आहेत. बदलल्यावरही खोकला जायला काही आठवडे लागू शकतात.
दुसरं म्हणजे, तुमचा त्रास मिश्र दिसतो. टेप खोकल्याची गळती थांबवते. किल्ली घातल्यावर जी होते ती तिने थांबेलच असं नाही, क्वचित वाढतेही. केवळ खोकल्यावर गळणाऱ्या बाईला ऑपरेशनआधी युरोडायनॅमिक तपासणी (मूत्राशय भरताना आणि रिकामं होताना कसं वागतं ते मोजणारी) केलीच पाहिजे असं नाही, पण घाईची लागते आहे तिथे ती करून घेणं शहाणपणाचं. त्याआधी लघवीची साधी तपासणी, जंतू नाहीत ना ते पाहायला, आणि तीन दिवसांची नोंदवही: किती प्यायलात, किती लघवी झाली, कधी गळली.
हे ऑपरेशन तातडीचं नसतं. तारीख पुढे गेली तर तुमचं काही बिघडणार नाही. टेप नकोच असं मी म्हणत नाही, कदाचित शेवटी तीच लागेल.

रानवाट
हे मात्र पटलं. मला घाईची कधीच लागत नव्हती, फक्त खोकला-शिंक. म्हणून मला गुण आला असेल. ताई, मी बिनधास्त म्हणाले ते माझ्या त्रासावरून.

नाना_ठाणेकर
मग काढा घ्यायला काय हरकत आहे? अपाय तर नाही.

डॉ_अनघा
नाना, बीपीची गोळी चालू असताना काढे न विचारता नकोत. गोखरूने लघवीचं प्रमाण वाढू शकतं.

टेम्सकाठी
ताई, पुन्हा तारीख घ्याल तेव्हा विचारा: कोणत्या कंपनीची टेप, तिचा नंबर माझ्या कागदांवर चिकटवणार का, वर्षाला अशा किती करता, आणि त्रास झालाच तर काढणार कोण? इथल्या बायकांकडे हे कागद नव्हते, त्यातच त्यांची वर्षं गेली.

कृष्णाकाठ
दवाखान्यात फोन केला. गुरुवार रद्द. रिसेप्शनवरची मुलगी जरा नाराजीने बोलली, पण ठीक आहे. पिशवी काढायची नाही हे मिस्टरांनाही सांगितलं, आणि बाकीचंही सगळं. बीपीच्या डॉक्टरांकडे उद्या संध्याकाळी जातेय. डॉ. अनघा, टेम्सकाठी, आभार. रानवाट, तुमचेही, जांघेचं कुणी सांगितलं नव्हतं.
स्नेहल, त्या नोंदवहीचं सांगा. लघवी मोजायची म्हणजे शाळेत कशी मोजणार? आमच्या स्वच्छतागृहाला कडीसुद्धा धड नाही.

स्नेहल_फिजिओ
शाळेत मोजू नका. शनिवार संध्याकाळ, रविवार आणि एखादी सुट्टी धरून घरी मोजा. आकडे असलेला प्लॅस्टिकचा जुना मापाचा पेला बाथरूममध्ये ठेवा, फक्त त्याच कामाला. शाळेच्या दिवशी वेळ आणि गळती एवढंच लिहा: किती वाजता, काय करताना, थेंब की पॅड भिजलं. चहा-पाणी किती प्यायलात तेही. किल्लीच्या वेळचं वेगळ्या खुणेने लिहा, तपासताना तेच आधी विचारतील. तुमच्या गावाजवळ हे व्यायाम शिकवणारं कुणी आहे का ते शोधते, निरोपात कळवते.