“सर, गॅप असली तर काय सांगायचं?”

चाकण, क्वालिटी विभाग

ज्या कॉलेजात एकेकाळी माझे दोन विषय राहिले होते, त्याच कॉलेजाने दोन वर्षांपूर्वी मला ‘इंडस्ट्री एक्स्पर्ट’ म्हणून बोलावलं. शाल, नारळ, दीड तासाचं व्याख्यान. समोर दोनशे पोरं, त्यातली निम्मी हजेरीसाठी बसवलेली. ‘इंडस्ट्री फोर पॉइंट ओ’वर मी तोंडभर बोललो. प्रश्न विचारा म्हटल्यावर शुकशुकाट.

पार्किंगमध्ये गाडी काढताना एक मुलगा मागून आला. “सर, माझी शिक्षणात एक वर्षाची गॅप आहे. इंटरव्ह्यूत काय सांगायचं?” मी म्हटलं, “कॉन्फिडंटली सांग.” काय सांगायचं, ते मलाही ठाऊक नव्हतं. घरी पोचेपर्यंत ते टोचत राहिलं. नशीब, त्याचा नंबर घेतला होता. त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच.

तोवर तुम्ही लिहा. नोकरीधंदा सांभाळून कुणा कॉलेजच्या पोराला मदत केली असेल, किंवा कुणी तुम्हाला केली असेल. फसलेलं तर जरूर लिहा. ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ छापाचं नको, ते मीच दीड तास सांगून आलोय.

हिंजवडी, पेरोल

स्टेजवर मला घाम फुटतो. मी फक्त ऑफर लेटर वाचून दाखवते.

आमच्या सोसायटीतल्या पीजीमध्ये राहणारी फायनल इयरची मुलगी पेढे घेऊन आली. “ताई, चार लाखांचं पॅकेज. म्हणजे महिन्याला तेहतीस हजार ना?” तिला ओट्याजवळ बसवलं आणि पेन्सिल दिली. ३३,३३३ मधून आधी १० टक्के व्हेरिएबल काढलं, ते मिळालं तर वर्षअखेर. उरले ३०,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, तोही सीटीसीत, म्हणजे पॅकेजच्याच आकड्यात, धरलेला. ग्रॅच्युइटी बेसिकच्या (मूळ पगाराच्या) ४.८१ टक्के, बेसिक १५,०००, म्हणून ७२१. मेडिक्लेमचे ५००. राहिले २६,९७९. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ परत १,८००, प्रोफेशनल टॅक्स २००. हातात २४,९७९.

बराच वेळ ती कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, “बाबांनी गावात तेहतीस सांगून टाकलंय.”

नोकरी तिने घेतलीच, घ्यायलाच हवी होती. पण अकरा हजारांची खोली ठरवली होती, ती सोडून मैत्रिणीबरोबर साडेपाचात राहिली. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकवतात, पगाराचा कागद वाचायला अर्धा तास कुणी देत नाही. याचा मला खरंच राग येतो.

मूळ शिराळा तालुका, आता पुणे

मी मदत घेणाऱ्यांतली. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आमच्या कॉलेजनं काही नोकरदार माजी विद्यार्थ्यांना प्रत्येकी चार-चार पोरं वाटून दिली होती. माझ्या वाट्याला एक मॅडम आल्या, बँकेत क्रेडिट विभागात होत्या. पहिल्या फोनला मी पाठ केलेलं म्हटलं, “आय बिलाँग टू मिडल क्लास फॅमिली, माय हॉबीज आर रीडिंग अँड लिसनिंग टू म्युझिक.” त्या म्हणाल्या, “बरं. आता मराठीत सांग, सकाळी उठून काय करतेस?”

मी सांगितलं, पप्पांचं दूध संकलन केंद्र आहे. सहाला काट्यावर बसते, दुधातली फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून बाकीचे घन घटक, बघून चिठ्ठी देते, आणि दर दहा दिवसांचं बिल मीच काढते.

“उत्पादक किती?”

“एकशे ऐंशी.”

“बिलातून काय काय कापतेस?”

“पशुखाद्य, उचल, काहींचा सोसायटीचा हप्ता.”

मॅडम थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, हे रेझ्युमेत का नाही?” मला वाटायचं ते घरकाम. हॉबीज खोडून त्या जागी आम्ही ते लिहिलं: १८० खाती, दर दहा दिवसांनी हिशेब, एक्सेलमध्ये. पुढं एका फायनान्स कंपनीच्या इंटरव्ह्यूत मला वीस मिनिटं फक्त दुधाबद्दलच विचारलं. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या खाली दर कसा उतरतो ते मी पेन घेऊन दाखवलं. इंग्रजी मोडकंतोडकंच होतं, पण बोलताना अडखळले नाही, कारण ते पाठ केलेलं नव्हतं.

छत्रपती संभाजीनगर, आयटी

माझं फसलेलं. एका स्वयंसेवी उपक्रमातून एक मुलगा आला, हुशार, एमपीएससीचं वेड. आमच्या घरात एका चुलतभावाची सात वर्षं त्यात गेलेली मी पाहिली होती. पहिल्याच भेटीत मी त्याला जागा किती, अर्ज किती हे ऐकवलं, जावा शिक म्हणालो, कोर्सची लिंकही पाठवली. तो “हो सर” म्हणत राहिला. तिसऱ्या रविवारी फोन उचलला नाही, चौथ्यालाही नाही. तो कशासाठी आला होता, हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. पुढचं मला माहीत नाही.

तालुक्याच्या गावी कॉलेजात, प्लेसमेंटचं काम

दुसरी बाजूही ऐका. बाहेरच्या लोकांना बोलवा म्हणून वरून सतत सांगणं असतं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ आणलं, म्हणजे बाहेरच्या अनुभवी माणसाला प्राध्यापक नेमायचं: पदवीची अट नाही, किमान १५ वर्षांचा अनुभव, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत. कागदावर उत्तम. पण आमच्या गावाला पुण्याहून एसटीने सहा तास. मानधन द्यायचं तर एखाद्या कंपनीने किंवा कॉलेजने स्वतःच्या खिशातून, नाहीतर मानद.

आणि खरं सांगायचं तर आमच्यातलेही काही फोटोपुरतेच बोलावतात. बॅनर, दीपप्रज्वलन, नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) फाइलला फोटो, संपलं. मी आता एकच करते. येणाऱ्याला सांगते, भाषण नको, दहा मुलांचे रेझ्युमे लाल पेनाने तपासून द्या. निम्मे लोक त्यानंतर येत नाहीत. जे येतात ते दरवर्षी येतात.

वेर्णा (गोवा), फार्मा

आमच्याकडे कॉलेजची मुलं नोकरीच मागत येतात. मी त्यांना आधी अ‍ॅप्रेंटिसशिप करायला सांगतो. मी घेतलेल्या पहिल्या मुलीच्या वेळी पदवीधराला किमान ९,००० स्टायपेंड होता, त्यातला निम्मा सरकार देई. घरचे नाराज, “नऊ हजारांत काय होतं?” वर्षभर तिने बॅच रेकॉर्ड, म्हणजे औषधाच्या प्रत्येक बॅचच्या नोंदी, भरले. खोडायचं झालं तर एकच आडवी रेघ, बाजूला सही आणि तारीख, व्हाइटनर कधीच नाही. पुढच्या इंटरव्ह्यूत हाच प्रश्न आला म्हणे. बाकी मी काही शिकवलं नाही.

स्टुटगार्ट

इथे यायला निघालेल्या मराठी मुलांशी मी व्हिसाच्या आधी बोलतो, नंतर बोलून उपयोग नसतो. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायचे, म्हणजे महिन्याला ९९२, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. वर्किंग स्टुडंटला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, हेही. पण लहान कंपन्यांत जेवणाच्या सुट्टीत सगळे जर्मनच बोलतात, हे कुणी सांगत नाही. जर्मनची बी-वन पातळी करून या म्हटलं की पोरं मला जुन्या वळणाचा समजतात. समजू देत.

चाकण, क्वालिटी विभाग

आता त्या गॅपवाल्या मुलाचं. पुढच्या रविवारी त्याला चहाला बोलावलं. वडिलांचा अपघात झाला तेव्हा वर्षभर तो भोसरीत मामाच्या लेथ मशीनवर होता, हे त्याने तिसऱ्या कपाला सांगितलं. लपवायचं ते एवढंच! मी व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, पुढे ठेवला. त्याने जबडे मिटून आधी झीरो एरर (शून्यावरची चूक) बघितली, मग मोजायचा तुकडा धरला. दहा वर्षं नोकरी केलेले आमच्याकडचे काही जण हे करत नाहीत. इंटरव्ह्यूत त्याने गॅप सांगितलीच नाही, लेथ सांगितला. पहिल्या दोन ठिकाणी नकार, तिसरीकडे लागला.

नाशिक, बीई अंतिम वर्ष

पेरोलवाल्या ताई, मला काल ऑफर लेटर आलंय. दोन वर्षांचा बॉन्ड आहे, मध्येच सोडलं तर पैसे भरायचे, आणि परवापर्यंत सही करायची आहे. तुम्हाला विचारलं तर चालेल का?

हिंजवडी, पेरोल

चालेल रे. घाईने सही करू नकोस. बॉन्डची रक्कम किती आणि ती कोणत्या महिन्यापासून कमी होत जाते, ते कुठल्या पानावर आहे बघ. नसेल तर तेच त्यांना मेलवर विचार. रात्री नऊनंतर फोन कर, पेन्सिल घेऊन बस.