घर आपल्या आवडीचं करावं की उद्याच्या गिऱ्हाइकाच्या?

सत्तरीची लेक (धागाकर्ती)

फोंड्यात तीन बेडरूमचा जुना फ्लॅट घेतलाय. आतलं सगळं नव्याने करायचं आहे आणि त्यावरून घरात दोन पक्ष पडलेत. एक मी, दुसरा नवरा.

माझं म्हणणं असं. यंदापासून आमची चवथ वेगळी झाली, गणपती याच घरात बसणार. तेव्हा हॉलला लागून असलेल्या तिसऱ्या बेडरूमची भिंत काढून हॉल मोठा करायचा. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायची, लाकडी चौकट छताला कायमची लावायची. जमिनीला चकचकीत टाइल्सऐवजी लाल कोबा, सत्तरी तालुक्यातल्या माझ्या माहेरी आहे तसा. आणि एक भिंत गडद निळी.

नवऱ्याचं म्हणणं, सात-आठ वर्षांनी हे विकून पणजीच्या बाजूला जायचं आहे. म्हणून पांढऱ्या टाइल्स, बदामी भिंती, जिप्समचं फॉल्स सीलिंग, मॉड्युलर किचन. फ्लॅट दाखवणारा एजंटही जाता जाता सांगून गेला, "वैनी, कुणालाही चालेल असं ठेवा."

हा 'कुणालाही' नक्की कोण, हे मला कुणी सांगत नाही. त्याच्यासाठी मी माझ्या पैशांनी बदामी भिंती का रंगवू? मतं सांगा. आमचं भांडण चालू आहेच, तुम्हीही हात धुऊन घ्या.

किल्ल्यांचा जुडगा

मी याच धंद्यात आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

निळा रंग मारा, जांभळा मारा, काही फरक पडत नाही. विकायच्या आधी दोन हात पांढरे मारले की संपलं. पण भिंत पाडू नका. आज तुमचा फ्लॅट 'थ्री बीएचके' आहे. भिंत गेली की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत तो मोठ्या हॉलचा टू बीएचके होतो. तीन बेडरूम शोधणारा माणूस तुमचा फ्लॅट बघायलासुद्धा येणार नाही आणि दोनवाला म्हणेल एवढे पैसे कशाला.

दुसरं, जे कुणाला आवडत नाही ते. तुमच्या इंटिरियरचे पैसे बँक मोजत नाही. बँकेचा व्हॅल्युअर क्षेत्रफळ बघतो, इमारतीचं वय बघतो, जागा आणि कागद बघतो. किचनला तुम्ही सहा लाख घातलेत की साठ हजार, कर्जाच्या आकड्यात ते दिसत नाही. म्हणजे ती हौस गिऱ्हाइकाने खिशातल्या रोख पैशांतून विकत घ्यायची असते, आणि त्याला स्वतःची वेगळी हौस असतेच. मंजूर नकाशात भिंत आहे आणि जागेवर नाही, हेही तो व्हॅल्युअर लिहून ठेवतो.

तेव्हा हौस करा, पण ती परत मिळेल या हिशेबाने करू नका.

चिरेबंदी

हे 'कुणालाही चालेल' प्रकरण गोव्यात तरी मला कधीच पटलेलं नाही.

बार्देशात फिरून बघा. लोकांनी शिंपल्यांच्या खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या स्लाइडिंग बसवल्या, कोबा फोडून टाइल्स घातल्या, गाडी आत घ्यायची म्हणून बाल्कांवातले (दारापुढच्या ओसरीतले) बसायचे सोपे तोडले. का? तर घराला भाव येईल. मग दिल्ली-मुंबईची माणसं हळदोणे-आसगावात आली आणि नेमकं तेच मागायला लागली. आज नवीन व्हिलाला मुद्दाम जुन्यासारखा बाल्कांव बांधतात आणि त्याचे पैसे लावतात. मूळचा ज्याने तोडला तो बघत बसला.

आणि ती 'न्यूट्रल' पांढरी टाइल. आधी मोझॅक होतं, मग छोट्या सिरॅमिकच्या आल्या, मग दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड, आता चार बाय दोनच्या. प्रत्येक वेळी दुकानदाराने हेच सांगितलं की ही कधी जुनी होत नाही. आठ वर्षांनी तुमची पांढरी टाइल बघून गिऱ्हाईक म्हणणार, हे काढावं लागेल. काढायचंच असेल तर त्याने तुमच्या आवडीचं काढावं!

कोबा घाला. आयुष्यात एकदा तरी अनवाणी चालावंसं वाटेल अशी जमीन असावी.

किल्ल्यांचा जुडगा

@चिरेबंदी, आसगाव म्हणजे फोंडा नव्हे हो. हळदोण्यातल्या चिऱ्याच्या घरात कोबा म्हणजे 'हेरिटेज'. फोंड्यातल्या तिसऱ्या मजल्यावर कोबा म्हणजे "यांनी टाइल्स घातल्याच नाहीत?"

माझं गिऱ्हाईक कुंडई नाहीतर बेतोड्याच्या फॅक्टरीत कामाला, बायको शाळेत मास्तरीण, आईबाप गावाहून यायचे आहेत. तिसरी बेडरूम त्या आईबापांची. तो विचारतो पार्किंग आहे का, नळाला पाणी किती वेळ, आणि देवाची जागा कुठे. जमिनीचं सौंदर्य विचारलेलं मला आठवत नाही.

चिरेबंदी

मग त्याच गिऱ्हाइकाला बोलवा चवथीच्या दिवसांत आणि माटोळी दाखवा. देवाची जागा विचारतो म्हणालात ना?

ओल्या भिंतीचा डॉक्टर

सिव्हिल इंजिनिअर आहे. दोघांचं वाचलं, दोघेही छान भांडता. पण गोव्यात फ्लॅटची किंमत खाली येते ती रंगाने नाही, ओलीने.

इथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैत फ्लॅट बघायला आलेला माणूस पश्चिमेच्या भिंतीवरचा पापुद्रा बघतो, कपाट उघडून वास घेतो आणि "कळवतो" म्हणून जातो. तो परत येत नाही. तेव्हा ताई, पहिले पैसे बाहेरच्या भिंतीचे तडे, खिडक्यांच्या भोवतीच्या फटी आणि बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगला घाला. कोबा जिंकला काय नि टाइल जिंकली काय, वरच्या बाथरूमची गळती दोघांनाही हरवते.

नवऱ्याच्या यादीबद्दल. जिप्समचं फॉल्स सीलिंग जुन्या इमारतीत घालूच नये असं माझं स्पष्ट मत. वरून थेंब पडत असेल तर महिनोन् महिने कळत नाही, कळतं तेव्हा बोर्ड पोटासारखा खाली आलेला असतो. मॉड्युलर किचनमध्ये सिंकखाली एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड (भुसा दाबून केलेला) दिला तर दोन पावसाळ्यांत कडा फुगतात. तिथे आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घ्या, शिक्का बघून घ्या, आणि मागच्या बाजूला सील मारायला सांगा. सुतार मागची बाजू कोरी सोडतो, कारण ती कुणाला दिसत नाही. वाळवीला मात्र नेमकी तीच दिसते.

आता तुमच्या यादीबद्दल. माटोळी हे वजनाचं काम आहे. नारळाची पेंड, सुपारीची शिपटी, केळीचा घड, तोरिंजन, कांगलां, आंबाडे सगळं बांधलं की चौकट हातात धरून बघा. फॉल्स सीलिंगच्या पत्र्याला ती टांगायचा विचारही नको. स्लॅबमध्ये चार जागी अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट), आधी सळी कुठे आहे ते डिटेक्टरने बघून, आणि शक्य असेल तर दोन टोकं बीमजवळ. खाली फक्त आयबोल्ट (गोल कडीचा बोल्ट) दिसू दे. चौकट वर्षभर वर ठेवायची गरज नाही, ती काढून माळ्यावर ठेवा. विकताना आयबोल्ट काढून भोक बुजवलं की कुणाला पत्ता लागत नाही. उलट पुढच्या हिंदू गिऱ्हाइकाला ते सांगून ठेवा, त्याचं काम वाचेल.

कोब्याचं मात्र जरा थांबून. तुमच्या माहेरच्या घरात तो जमिनीवर आहे. इथे तो हलणाऱ्या स्लॅबवर येणार, तेव्हा बारीक भेगा जातील. मधे पट्ट्या घालून तुकडे पाडले तर भेगा आवरतात. जुनी लादी उखडली की तिचं वजन कमी होतं, पण धुरळा आणि शेजाऱ्यांची बोलणी वाढतात. आणि घोटाई करणारा जुना गवंडी मिळाला तरच करा. नवख्याने केलेला कोबा बघवत नाही.

भिंत: आरसीसीच्या इमारतीत आतली भिंत बहुधा नुसती विभाजक असते. 'बहुधा' वर घर पाडू नये. स्ट्रक्चरल ड्रॉइंग बघा, सोसायटीचं लेखी घ्या.

तोणाक पाव

कोबा घोटणारा गवंडी कुणाकडे असेल तर मलाही व्यनि (खाजगी निरोप) करा. मी गेली दोन वर्षं शोधतोय. बाकी चालू द्या.

माजघर

आमच्या एका नातेवाइकांची गोष्ट. मडगावात फ्लॅट घेतला तेव्हा मालकाने ठरवलं की घर कधीतरी विकायचं, तेव्हा गिऱ्हाईक हिंदू असेल, ख्रिस्तांव असेल, काय सांगावं. म्हणून देवघर भिंतीतल्या कपाटात, वरून साधं दार. दार लावलं की कपडे आहेत की देव, ओळखू येत नाही. मावशी रोज दार उघडून दिवा लावतात आणि धुराने वरची फळी काळी झाली म्हणून रोज बोलणी खातात.

घर अजून विकलेलं नाही. मुलं मोठी झाली, एक नातू झाला. देव अजून कपाटात.

सात-आठ वर्षांनी विकणार म्हणणारे खूप बघितलेत. भिंत काढा ताई.

जमाखर्च

थोडं कोरडं बोलतो. कुठला खर्च विकताना उपयोगी पडतो ते बघा.

फ्लॅट दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवून विकलात तर नफा दीर्घ मुदतीचा. २३ जुलै २०२४ नंतर घेतलेल्या मालमत्तेवर कर साडेबारा टक्के, आणि महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून दाखवायची जुनी सोय नाही. फरशी, वॉटरप्रूफिंग, बसवलेलं किचन असा घराला कायमचा जोडलेला सुधारणा-खर्च नफ्यातून वजा मागता येतो. सोफा, पडदे, फ्रिज नाही. नुसती रंगरंगोटी आणि डागडुजीही सहसा धरत नाहीत. पाच लाखांचा असा खर्च मान्य झाला तरी करात वाचतात ६२,५०० आणि वर थोडा सेस. तेव्हा 'विकताना वसूल होईल' म्हणून कुणी पाच लाख घालायला सांगत असेल तर हा आकडा समोर ठेवा. बिलं मात्र पक्की घ्या, पैसे बँकेतून द्या. गवंडी रोखीनेच मागतो हे मला ठाऊक आहे.

आणि नवऱ्याला एक आठवण करून द्या. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्याच्या नागरी संहितेप्रमाणे मालमत्तेत दोघांचा अर्धा-अर्धा वाटा, आणि विक्रीखतावर दोघांची सही लागते. म्हणजे हा फ्लॅट कधी विकायचा ते तुम्हीही ठरवणार आहात. :)

निळ्या भिंतीचा विरोधक

नमस्कार. मीच तो नवरा. बायकोने लिंक पाठवली, खाली स्मायली.

मला कोब्याचा राग नाही. आमचं मूळ घर पेडण्यात आहे. चांगलं मोठं, राजांगण आहे, तुळस आहे. आणि ते कुणाचंच नाही. आजोबांनंतर वाटे झाले, वाट्यांचे वाटे झाले, इन्व्हेंटरी (वारसांच्या वाटणीचा दावा) कोर्टात पडून आहे. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि ज्यांनी आयुष्यात एक कौल बदललं नाही तेही मुंबईहून वाटा विचारायला आले. पावसात मागची पडवी बसली, तर दुरुस्तीला सह्या कुणाच्या घ्यायच्या यावर वर्ष गेलं.

म्हणून मला एक तरी घर असं हवंय की ज्याची दोन सह्यांवर विक्री होईल, लवकर होईल, चांगल्या भावात होईल. पगारातून साठवलेलं जे काही आहे ते सगळं या फ्लॅटमध्ये गेलंय. मुलीचं शिक्षण, आईचं दुखणं, काहीही आलं तर विकायला हेच आहे. त्यात मी एक बेडरूम स्वतःच्या हाताने कमी करू? 'माजघर'ताई म्हणतात विकणार म्हणणारे विकत नाहीत. खरं असेल. पण विकता येतं हे माहीत असलं की झोप लागते.

माटोळीला माझी ना नव्हतीच कधी. ती दरवर्षी मीच बांधतो.

सत्तरीची लेक

हे सगळं घरी सांगितलं असतंस तर धागा काढावा लागला नसता.

बरं, आज रात्री ठरलं ते: फॉल्स सीलिंग रद्द (डॉक्टरांचे आभार, तो लगेच गप्प झाला). आयबोल्ट चार. किचनला मरीन प्लाय. कोबा फक्त हॉलमध्ये, गवंडी मिळाला तर. बेडरूममध्ये त्याच्या टाइल्स, पण पांढऱ्या नाहीत. भिंतीवर एकमत नाही. मी आता म्हणतेय की अर्धी काढून तिथे घडीची लाकडी दारं बसवू. चवथीला उघडी, एरवी बंद.

ओल्या भिंतीचा डॉक्टर

चालेल, पण रुंद उघडीप काढली की वर लिंटेल (आडवी तुळई) आणि दारांच्या चॅनलचं वजन बघावं लागेल. पावसाळ्यात सागवानी दारंसुद्धा थोडी फुगतात, फट ठेवायला सांगा. तिथून विजेची पाइप जात असेल ती आधी वळवा.

किल्ल्यांचा जुडगा

घडीची दारं लावलीत तर मी तीन बेडरूम म्हणूनच दाखवीन, अट एकच: आत पलंग आणि पंखा दिसला पाहिजे. कोब्याबद्दलचं माझं मत कायम आहे.

चिरेबंदी

माझंही. आठ वर्षांनी किल्ल्या कुणाकडे द्यायच्या ते तेव्हा बघू.