मदत हवी आहे: चढावर चेक इंजिन लाइट, कोड पी०१७१

गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, सीएनजी किट नाही. घोडबंदर रोडला गायमुखचा चढ लागला की लाइट पेटतो. स्कॅनरवर पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. कोड पुसला तर पुढच्या चढाला परत हजर.

लाँग टर्म फ्युएल ट्रिम (मिश्रण जुळवायला इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय तो आकडा) आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, +४ टक्के, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये +२१. इनटेकला हवेची गळती असती तर उलट दिसलं असतं: आयडलला जास्त, आरपीएम वाढल्यावर कमी. तरी व्हॅक्युम होज आणि मॅनिफोल्ड गॅस्केटवर कार्ब क्लीनर मारून पाहिला, आरपीएम हलले नाहीत, म्हणजे तिथे गळती दिसत नाही. एअर फिल्टर नवा आहे.

गॅरेजमध्ये थेट 'ऑक्सिजन सेन्सर बदला' सांगतात. पण तो (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये व्यवस्थित नाचतोय, मग बदलायचा कशाला? ट्रिम चढावरच वाढतो, म्हणून संशय टाकीतल्या फ्युएल पंपाच्या प्रेशरवर किंवा टाकीतल्या चोंदलेल्या फिल्टरवर.

ठाणे, कळवा, ऐरोली पट्ट्यात फ्युएल रेलला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) गेज लावून, तेही लोडवर, म्हणजे इंजिनावर ताण असताना, प्रेशर मोजणारं कोणी माहीत आहे का? आणि टाकीतला फिल्टर सुटा मिळतो की अख्खं पंप मॉड्युलच घ्यावं लागतं?